जीसीएस ५ म्हणजे संपलं का? बेशुद्ध पेशंटची शुद्ध कशी तपासतात

रातपाळी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर अपघातांचा विषय चालू होता. तिथे कोणीतरी लिहिलं, 'डॉक्टर म्हणाले जीसीएस ५ आहे, म्हणजे आता आशा सोडा.' खाली चारपाच जणांनी हात जोडलेल्या स्मायली टाकल्या आणि चर्चा पुढे सरकली. मला ते फार लागलं. मी न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे. हाच आकडा दर तासाला चार्टवर लिहिणं हे माझं काम आहे, आणि एवढ्यावरून कोणाची आशा सोडावी यासाठी तो आकडा नाहीच. म्हणून वेगळा धागा काढते. लांब होईल, सांभाळून घ्या.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोचे न्यूरोसर्जन ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ते १९७४ साली मांडलं. ड्यूटी बदलली तरी पेशंट सुधारतोय की खाली जातोय हे पुढच्या माणसाला एका नजरेत कळावं, हा त्याचा मोठा उपयोग. तीन गोष्टी बघायच्या. डोळे कधी उघडतो, त्याला ४ पैकी. बोलतो कसा, ५ पैकी. हातपाय कसे हलवतो, ६ पैकी. प्रत्येकात कमीत कमी १ मिळतोच, त्यामुळे बेरीज ३ ते १५.

ही बेरीजच घात करते. दोन पेशंट घ्या. एकाचे डोळे टक्क उघडे, तोंडातून आवाज नाही, नख दाबलं की हात कोपरात वाकून छातीशी आवळला जातो. ४ अधिक १ अधिक ३, झाले ८. दुसऱ्याच्या पापण्या सुजून मिटलेल्या, तोंडात नळी, पण 'दोन बोटं दाखवा' म्हटलं की दोन बोटं दाखवतो. १ अधिक १ अधिक ६, हेही ८. पहिल्याला काही कळतंय का, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. दुसरा मात्र शुद्धीवर आहे. त्याला ऐकू येतंय, समजतंय, सांगितलेलं तो करतोय. म्हणून नळी असलेल्या पेशंटच्या बोलण्यापुढे आकड्याऐवजी 'टी' लिहायची पद्धत आहे. नातेवाईकांना माझं सांगणं एवढंच, की 'जीसीएस किती' असं विचारू नका. तिन्ही आकडे वेगवेगळे विचारा, त्यातही मोटर, म्हणजे हातपायांच्या हालचालीचा आकडा, किती ते आधी.

मोटर बघताना आधी तोंडी सांगतात. त्याला काही उत्तर आलं नाही तर दुखवावं लागतं. नखावर पेन आडवं दाबतात, किंवा मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरून पिळतात, किंवा भुवईच्या हाडाच्या आतल्या कडेवर अंगठा दाबतात. बाहेरच्याला हे क्रूर वाटतं, वाटणारच. मुठीने छातीचं हाड रगडायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. दर तासाला रगडून रगडून तिथली कातडी काळीनिळी पडते. मला ती अजिबात पसंत नाही. खांदा पिळल्यावर पेशंटचा हात वर येऊन माझ्या हातापर्यंत पोचला तर ५. हात नुसता मागे ओढून घेतला तर ४. आवळला गेला तर ३, ताठ होऊन आत वळला तर २, काहीच नाही तर १. आणि न दुखवता, नुसतं सांगून ऐकलं तर ६.

'सिस्टर, त्याने माझा हात दाबला हो!' हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. हात दाबला हे खरंच असतं. पण तान्ह्या बाळाच्या तळहातात बोट ठेवलं की मूठ मिटते ना, तीच क्रिया मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की मोठ्या माणसात परत येते. म्हणून दाबण्यापेक्षा सोडण्याला जास्त अर्थ आहे. 'दाबा' म्हणायचं, मग 'सोडा' म्हणायचं, आणि सोडतो का ते बघायचं. त्याहून चांगलं म्हणजे हात लावायचाच नाही. 'अंगठा वर करा', 'जीभ बाहेर काढा', 'वर बघा' असं सांगायचं आणि थांबायचं. इजा झालेल्या मेंदूला वेळ लागतो. दहापंधरा सेकंद गप्प उभं राहणं राउंडच्या घाईत जमत नाही, आणि नेमकं तिथेच निसटतं.

आता शुद्ध असूनही दिसत नाही ती का?

सगळ्यात आधी झोपवून ठेवायची औषधं. प्रोपोफॉल थांबवलं तर बऱ्याचदा तासाभरात परिणाम उतरतो. मिडॅझोलामचं तसं नाही, किडनी नीट चालत नसेल तर ते अंगात साठून दिवसचे दिवस पेशंट झोपलेला राहू शकतो. मग आतल्या आत चालणाऱ्या फिट्स. हातपाय झटकत नाहीत, वरून काहीच दिसत नाही, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, लावल्याशिवाय कळत नाही. सोडियम खाली गेलेलं, साखर खाली गेलेली, ताप. मेंदूचा डावा भाग गेला असेल तर माणूस जागा असतो पण भाषाच समजत नाही, मग 'हात वर करा'ला उत्तर कुठून येणार? बरेच दिवस आयसीयूत राहून नसा आणि स्नायूच इतके दुबळे होतात की करायचं मनात असलं तरी बोट हलत नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मेंदूच्या देठातला झटका. त्यात माणूस पूर्ण शुद्धीत असतो पण मानेखालचं काही हलत नाही, चेहराही हलत नाही, राहते ती फक्त डोळ्यांची वर-खाली हालचाल. 'वर बघा' हे सांगायला कोणी विसरलं तर तो माणूस कोमात आहे असं धरून चालतात.

शिवाय अगदी साध्या गोष्टी. आजोबांचं कानातलं मशीन घरी राहिलेलं असतं. चष्मा कपाटात असतो. नंदुरबारकडच्या पाड्यावरची बाई, आयुष्यभर भिली बोललेली, आणि आम्ही तिच्या कानाशी 'आँखें खोलो' म्हणून ओरडतोय.

हे सगळं किती ठिकाणी निसटतं? २००९ साली बेल्जियममध्ये एक अभ्यास झाला. उपचार करणाऱ्या टीमने 'हा पेशंट व्हेजिटेटिव्ह आहे', म्हणजे डोळे उघडतो पण भान नाही, असं एकमताने ठरवलेले ४४ पेशंट घेतले आणि त्यांना कोमा रिकव्हरी स्केल-रिवाइज्ड, म्हणजे सीआरएस-आर, या पद्धतशीर तपासणीने पुन्हा तपासलं. ४४ पैकी १८ जणांत शुद्धीची खूण सापडली. यंत्र नाही, स्कॅन नाही. नीट, क्रमाने, वेळ देऊन तपासलं एवढंच.

म्हणून मला तळमळीने सांगायचंय ते हे, की 'रिस्पॉन्स नाही' हे आपल्याला काय दिसलं त्याचं वर्णन आहे, पेशंटच्या आत काय चाललंय त्याचं नाही. आणि एकदा तपासून दिलेला शिक्का पुसायला फार जड जातो. विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

अनुस्वार

वाचून अंगावर काटा आला. दोन शंका आहेत. डोळे उघडे असूनही शुद्ध नाही, असं खरंच असतं? आणि ब्रेन डेड म्हणतात ते यातलं कुठलं?

मिरजेचा_भूलवाला

भूलतज्ज्ञ आहे, आयसीयू बघतो. ब्रेन डेडचं मी सांगतो, कारण तिथे गल्लत झाली की फार वाईट होतं.

जागेपण आणि भान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूच्या देठात जागं ठेवणारी यंत्रणा असते आणि भान मुख्यतः वरच्या मेंदूचं काम आहे. कोमात दोन्ही नसतात, डोळे मिटलेले. कोमा बहुतेकदा काही आठवड्यांवर जात नाही. एकतर पेशंट दगावतो, नाहीतर डोळे उघडतो. डोळे उघडतो, झोप-जाग सुरू होते, पण भानाची एकही खूण नाही, त्याला १९७२ मध्ये जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट हे नाव दिलं. माणसाला भाजीपाल्याची उपमा नको म्हणून २०१० पासून अनरिस्पॉन्सिव्ह वेकफुलनेस सिंड्रोम हे नाव पुढे आलं. त्याच्या पुढची पायरी मिनिमली कॉन्शस स्टेट, याचे निकष २००२ चे. भान आहे, पण येतं-जातं. सकाळी नजर फिरते, दुपारी काही नाही.

ब्रेन स्टेम डेथ या जिन्यावरच नाही. तो मृत्यू आहे. देठाची एकही क्रिया शिल्लक नाही, व्हेंटिलेटर काढून बघितलं तर कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वासाचा प्रयत्न होत नाही. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते. जो पेशंट स्वतःहून श्वास घेतोय, खोकतोय, डोळे उघडतोय, तो ब्रेन डेड नाही. पेपरवाले 'ब्रेन डेड झालेला तरुण शुद्धीवर आला' असं छापतात तेव्हा तो तसा नव्हताच.

सह्यवारा

हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. धाकटा भाऊ, वय २७, बाइकवरून पडला. नाशिकला आयसीयूत आहे. दीड महिना होत आला. ट्रॅकिओ झाली, म्हणजे श्वासासाठी गळ्यात छिद्र पाडून नळी घातली, व्हेंटिलेटर निघाला. डोळे उघडतो पण आरपार बघतो, आपल्याकडे बघत नाही. डॉक्टर म्हणाले व्हेजिटेटिव्ह आहे, घरी न्यायची तयारी करा. आई म्हणते मी बोलले की त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, त्याला सगळं कळतंय. डॉक्टर म्हणतात ते रिफ्लेक्स आहे. घरात रोज यावरून वाद होतात. आम्ही कोणाचं खरं मानायचं?

मीनल_फिजिओ

सह्यवारादादा, आधी भावाच्या तब्येतीला आराम पडो.

तुम्ही एक गोष्ट स्वतः बघू शकता. चेहऱ्याएवढा हातातला आरसा घ्या, त्याच्या तोंडासमोर साधारण वीतभर अंतरावर धरा, म्हणजे त्याला स्वतःचा चेहरा दिसेल. मग आरसा सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न्या. नजर तुटक न होता आरशामागे जाते का बघा. बोट, पेन किंवा दुसऱ्याचा चेहरा यांच्या मागे न जाणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं आहे आणि सीआरएस-आर करताना आरसाच वापरतात. नजर एखाद्या गोष्टीमागे धरून जाणं ही बहुतेकदा भान परत येतानाची पहिली खूण असते.

पण कधी बघायचं हे फार महत्त्वाचं. सक्शन, म्हणजे नळीतून कफ ओढून काढणं, झाल्यावर लगेच नाही, स्पंजिंगनंतर दमलेला असताना नाही, झोपेच्या गोळीनंतर नाही. पाठ टेकवून जमेल तितकं उभं बसवा, खोलीतला टीव्ही बंद करा, एकाच माणसाने बोला. आमच्याकडे असे पेशंट टिल्ट टेबलवर बांधून उभे केले की काहींचे डोळे लख्ख उघडतात, चेहराच बदलतो. आडवं झोपवून केलेली तपासणी आणि बसवून केलेली तपासणी यांत मी पुष्कळ फरक पाहिला आहे.

मिरजेचा_भूलवाला

मीनलताईंशी सहमत. तरी एक बाजू मांडतो, राग मानू नका.

डोळ्यांतून पाणी येणं यावर मी विश्वास ठेवणार नाही. पापणी पूर्ण मिटत नसेल तर डोळा कोरडा पडून पाणी येतं. डोक्याला जबर मार लागलेल्यांत काहींना एकदम घाम फुटतो, नाडी दीडशेवर, बीपी वर, अंग ताठ, आणि ते बघून घरच्यांना वाटतं की पोरगं तळमळतंय. ती बऱ्याचदा चेतासंस्थेची वादळं असतात, आणि त्यांवर औषध आहे.

दुसरं, आशेलाही किंमत असते आणि ती नातेवाईक मोजतात. जमीन विकून महिना महिना आयसीयूचं बिल भरलेली घरं मी पाहिली आहेत. शुद्धीची खूण सापडली म्हणजे माणूस चालत घरी येईल असं नाही. कित्येक जण मिनिमली कॉन्शसवरच थांबतात. डॉक्टरने खोटी आशा न देणं हेही कर्तव्य आहे.

रातपाळी

सर, पाण्याचं तुमचं बरोबर आहे, आणि पैशाचंही. पण खोटी आशा आणि खोटी निराशा यांत दुसरीची भरपाई होत नाही. लवकर आशा सोडली, नळी काढली, पेशंट गेला, की 'बघा, म्हटलं होतं ना' असं म्हणायला सगळे मोकळे. म्हणूनच इतक्या लवकर अंदाज बांधू नका असं न्यूरोक्रिटिकल केअरचे जाणकार सांगतात. कार्डिॲक अरेस्टनंतरसुद्धा किमान ७२ तास थांबायला सांगतात, मार लागलेल्या मेंदूला तर त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

सह्यवारादादा, आई बरोबर की डॉक्टर, असं बघू नका. आईला जे दिसतं ते तपासता येतं. आईने बोलल्यावर पाणी येतं का, अनोळखी बाईने त्याच सुरात बोलल्यावर येतं का, आणि कोणीच बोलत नसताना येतं का, हे तिन्ही बघा आणि वेळेसकट लिहून ठेवा. फक्त आईच्या आवाजाला आणि पुन्हा पुन्हा येत असेल तर ते रिफ्लेक्स म्हणून सोडून देता येत नाही. भावनेशी जुळणारं रडणं-हसणं हे मिनिमली कॉन्शसच्या निकषांत आहे. तिन्ही वेळेला येत असेल तर डॉक्टरांचं खरं, आणि डोळ्यांत घालायचे थेंब मागा.

आणि सीआरएस-आर केलं का ते विचारा. ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड-वाचा, संवाद, जागेपण असे सहा भाग, एकूण २३ गुण. बेरजेपेक्षा कुठल्या भागात काय दिसलं ते महत्त्वाचं. अर्धा तास लागतो, कधी जास्त. एकदा करून भागत नाही. २०१७ चा एक अभ्यास आहे, त्यात दोन आठवड्यांच्या आत किमान पाच वेळा करा असं निघालं, कारण कमी वेळा केलं तर भान असलेले काही जण निसटतात. तुमच्याकडे करणारं कोणी नसेल तर न्यूरो-रिहॅब असलेल्या ठिकाणाहून एखादा माणूस बोलावता येतो का पाहा.

उत्तरायण

मूळची सोलापूरची, सध्या अमेरिकेत ईईजीचं काम करते. यंत्रांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

२००६ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांच्या गटाने अपघातानंतर व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या २३ वर्षांच्या मुलीला एमआरआयमध्ये ठेवून सांगितलं, 'टेनिस खेळतेयस असं मनात आण.' मग, 'तुझ्या घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस असं मनात आण.' निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग उजळतात तेच तिचेही उजळले, दोन्हीला वेगवेगळे. बाहेरून मात्र तिने काहीच केलेलं नव्हतं. २०१० मध्ये ५४ पेशंट तपासले, त्यांतल्या पाच जणांना असं मनाने करता आलं, आणि एकाने तर हो म्हणजे टेनिस, नाही म्हणजे घर, अशी प्रश्नांची उत्तरं दिली.

आयसीयूत पेशंटला एमआरआयपर्यंत नेणं जिवावरचं असतं, म्हणून ईईजी. कानात हेडफोन घालून 'उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत राहा', मग 'थांबा', असं आळीपाळीने ऐकवतात. दोन्ही सूचनांच्या वेळच्या लहरी संगणक वेगळ्या ओळखू शकतो का बघतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये आयसीयूतले १०४ पेशंट असे तपासले. सांगितलेलं काहीच न करणाऱ्या या पेशंटांपैकी १६ जणांचा मेंदू सूचना पाळत होता. वर्षभराने त्या गटातले ४४ टक्के लोक दिवसाचे काही तास स्वतःचं स्वतः राहू शकतील इतपत सुधारले होते, बाकीच्यांतले १४ टक्के.

२०२४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या सहा केंद्रांचा मिळून अभ्यास आला. बाहेरून सूचना न पाळणारे २४१, त्यांपैकी ६० जण आतून पाळत होते. चौघांत एक.

पण याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त लक्षात ठेवा. समोर उभं राहून सांगितलेलं उघडउघड करणारे ११२ पेशंटही याच यंत्रांवर तपासले, तर ३८ टक्क्यांतच खूण सापडली. म्हणजे ज्यांना शुद्ध आहे हे डोळ्यांना दिसतंय, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना यंत्राने ओळखलं नाही. सापडलं तर आहे, नाही सापडलं तर काहीच सिद्ध होत नाही.

हे अजून इथेही रोजच्या कामात नाही, मोजक्या केंद्रांत होतं. त्यामुळे सह्यवारादादा, यासाठी परदेशी पाठवू का वगैरे विचार करू नका. साधा ईईजी मात्र झालाच पाहिजे. झाला आहे का?

चिंतामणी७१

हा विषय निघाला की अरुणा शानबाग आठवतात. केईएममधल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर १८ मे २०१५ ला जाईपर्यंत त्या त्याच हॉस्पिटलात होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालाआधी सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या तीन डॉक्टरांचं पथक नेमून त्यांची तपासणी करून घेतली. इथे जी चर्चा चाललीय तोच पेच कोर्टापुढे होता. केईएमचे लोक म्हणत होते की त्यांना आवडनिवड आहे, आवाज काढून त्या सांगतात, आम्ही रोज बघतो. पथकाने तपासून सांगितलं की ब्रेन डेड नाहीत, पण परमनंट व्हेजिटेटिव्ह स्टेटचे बहुतेक निकष लागू होतात. कोर्टाने उपचार थांबवायची याचिका फेटाळली, आणि त्यांच्या बाजूने बोलायचा हक्क सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं सांगितलं.

पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुटसुटीत झाली. आता उपचार थांबवायला हॉस्पिटलचं एक मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ, दोन्हींचं मत लागतं. पण या मंडळांपुढे जो कागद जाईल त्यावर शुद्धीची तपासणी कशी केली, किती वेळा केली, हे नसेल तर मंडळं तरी काय करणार?

अनुस्वार

चिंतामणीकाका, शेवटच्या वाक्याला +१. मग त्या बऱ्या का नाही झाल्या, आणि बाइकवरून पडलेला मुलगा बरा होईल अशी आशा का? फरक काय?

मिरजेचा_भूलवाला

कारणाचा फरक, आणि वयाचा. प्राणवायू तुटला की मेंदूभर पेशी मरतात. मार लागतो तेव्हा पुष्कळदा पेशी जिवंत असतात पण त्यांना जोडणारे तंतू ताणले-तुटलेले असतात, ते सावरायला महिने लागतात. म्हणून प्राणवायू तुटलेल्यांत तीन महिने आणि मार लागलेल्यांत बारा महिने ओलांडल्याशिवाय अवस्था जुनाट झाली असं म्हणायचं नाही. आणि पूर्वी 'परमनंट' म्हणायचे, ते अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकॅडमीने २०१८ मध्ये काढून 'क्रॉनिक' केलं, कारण त्यानंतरही सुधारणारे थोडे का होईना सापडले.

वर मी पैशाचं लिहिलं ते कायम आहे. पण न्यायाने आकडा दोन्ही बाजूंचा द्यायला हवा. मार लागून दोन आठवड्यांनी व्हेजिटेटिव्ह असलेल्या, पण वाचलेल्या ७९ पेशंटांचा अमेरिकेतला अभ्यास २०२१ मध्ये आला. वर्षभरात ६२ जणांना शुद्ध आली. आपण कोण, कुठे आहोत इतकं भान मात्र ज्यांची माहिती मिळाली त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला. सह्यवारा, दीड महिन्यावर शेवटचा शब्द कोणी देऊ नये. मीही देणार नाही.

सह्यवारा

सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांशी नीट बसून बोललो. आधी चिडले, मग ऐकलं. ईईजी सुरुवातीला एकदाच झाला होता, परत केला. आतल्या फिट्स नाहीत. पण फिट्सच्या दोन गोळ्या आणि एक झोपेची अजून चालू होती, त्यातली झोपेची बंद केली, एक हळूहळू कमी करणार आहेत. आरशाने आईने पाहिलं, तिला वाटतं नजर गेली. मला वाटलं नाही गेली. सिस्टरांनी बघितलं तेव्हा एकदा डावीकडे गेली, उजवीकडे नाही. पाण्याचं लिहायला लागलो, ते कोणी नसतानाही येतं. आईला सांगितलं, तिला वाईट वाटलं.

अजून एक. ओळखीतल्या एकाने 'कोमातून उठवायची' इंजेक्शनं सांगितली आहेत, महाग आहेत. आणि पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज देतो म्हणाले. काय करू?

उत्तरायण

इंजेक्शनांवर पैसे घालवू नका. ज्या औषधाचा चांगला पुरावा आहे ते ॲमँटाडीन, पार्किन्सन्सचं जुनं औषध. २०१२ मध्ये मार लागलेल्या १८४ पेशंटांवर चार आठवडे देऊन पाहिलं, इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांच्या काळात. औषध चालू असताना सुधारणा जास्त वेगाने झाली, बंद केल्यावर तो वेग मंदावला. फिट्सचा इतिहास, किडनी हे बघून डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही त्याच काळात आहात, म्हणून न्यूरोच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

मीनल_फिजिओ

एकाच बाजूला नजर जाते याचा अर्थ त्याला दुसऱ्या बाजूचं दिसत नसेल किंवा तिकडे लक्षच जात नसेल. आता सगळ्यांनी डाव्या बाजूने बसून बोला, आरसा तिकडूनच सुरू करा. डिस्चार्जआधी हातपायांचे स्प्लिंट करून घ्या. बोटं, घोटे आखडून गेले की उद्या त्याला सूचना समजली तरी दाखवता येणार नाही.

रातपाळी

दादा, 'एकदा गेली, एकदा नाही' हे मला चांगलं वाटतं, पण तुम्ही त्यावर घर बांधू नका. गोळ्या कमी होऊन औषध अंगातून निघायला वेळ जातो, त्यानंतरची तपासणी खरी धरा.

डिस्चार्जच्या कागदावर नुसतं 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' असं लिहून घेऊ नका. कुठली तपासणी, कुठल्या तारखेला, तेव्हा कोणती औषधं चालू होती, आणि डावीकडे नजर गेल्याचं सिस्टरांनी बघितलं ते, एवढं लिहून मागा. सीटी-एमआरआयच्या सीडी, दोन्ही ईईजींचे रिपोर्ट, रोजच्या जीसीएस चार्टची झेरॉक्स सोबत घ्या. पुढे रिहॅबला दाखवाल तेव्हा तिथला माणूस शून्यापासून सुरू करणार नाही.

शक्य असेल तर घराआधी रिहॅब, निदान काही आठवडे. नाहीच जमलं तर घरी ट्रॅकिओची सक्शन, नाकातल्या नळीने भरवणं आणि दर दोन तासांनी कूस बदलणं हे डिस्चार्जआधी आमच्यासारख्या कोणाच्या तरी समोर घरच्या दोघांनी स्वतःच्या हाताने करून दाखवा, आईने एकटीने नाही. छातीत कफ भरला किंवा पाठीला जखम झाली की ताप येतो, आणि तापात आहे ते भानही जातं. फॉलोअप 'गरज पडली तर या' असा घेऊ नका, महिन्याभरातली तारीख मागा, आणि त्या दिवशी तपासणी सकाळची ठेवायला सांगा. गोळ्यांची यादी आणि आरसा दोन्ही बरोबर न्या.